लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर आणि गाठीची वाढ : सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गाठी कशा वाढतात यावर काम करते, आणि त्यातही रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवर. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आले की ओट्यावर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात. काही घाबरलेल्या आईवडिलांचे, काही नुसत्या कुतूहलाचे, तर काही "एवढं शिकून करतेस तरी काय?" या जातीचे. एकदाची उत्तरं लिहून टाकावीत म्हणून हे पान. पुढच्या वर्षी यात्रेत मला नंदीध्वज बघायचेत.

तुम्ही डॉक्टर ना? आमच्या बाळाचा डोळा बघाल का?

नावामागे लागलेलं डॉक्टर पीएच.डी.चं आहे. मी पेशी बघते, पेशंट बघत नाही. बाळाच्या डोळ्याचे फोटो लोक मला मोबाइलवर पाठवतात, तेव्हा माझं उत्तर दर वेळी एकच असतं: नेत्रतज्ज्ञाकडे जा, बाहुलीत औषध घालून मागचा पडदा तपासून घ्या, आणि हे याच आठवड्यात करा. फोटोवरून "काही नाही हो" असं मी कधीच म्हणणार नाही. तसं म्हणून मोकळी झालेली माणसं पाहिली आहेत.

हा आजार नेमका काय आहे?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. बाळ पोटात असताना आणि जन्मानंतर थोडा काळ या पडद्याच्या काही पेशी अजून घडत असतात. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी व्हायच्या वाटेवर असलेली एखादी पेशी घडणं सोडून नुसतीच दुणावत राहिली, की गाठ होते. म्हणूनच हा आजार जवळजवळ नेहमी पाच वर्षांच्या आत दिसतो. पडदा घडून झाला की बिघडण्याची वेळ निघून जाते. दोन्ही डोळ्यांत असेल तर साधारण वर्षाच्या आसपास कळतो, एकाच डोळ्यात असेल तर दोन वर्षांच्या आसपास.

फार क्वचित होतो म्हणतात. मग आम्ही कशाला काळजी करायची?

क्वचितच होतो. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक. जगभरात वर्षाला आठ-नऊ हजार मुलं. आता हा हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून बघा. २०११च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. जन्मदर हजारी पंधरा-सोळा धरला तर वर्षाला साठ-सत्तर हजार बाळं. म्हणजे दर वर्षी तीन-चार बाळं आपल्याच जिल्ह्यातली: अक्कलकोटचं एखादं, माळशिरसचं एखादं, शहरात अशोक चौकातलं एखादं. जिल्ह्यातल्या बहुतेक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असं मूल एक किंवा दोनदाच दिसेल, कदाचित दिसणारही नाही. त्यामुळे पहिली शंका बहुतेक वेळा घरातच येते.

घरी कसं ओळखायचं?

सगळ्यांत मोठी खूण म्हणजे बाहुली पांढरी दिसणं. काळ्या बुबुळाच्या मधोमध काळं भोक दिसायला हवं, तिथे विशिष्ट कोनातून किंवा अंधूक उजेडात पांढरट, पिवळसर चमक दिसते. जुने डॉक्टर याला मांजराचा डोळा म्हणायचे. आई दूध पाजत असताना खालून वर बघणाऱ्या बाळाच्या डोळ्यात ही चमक तिला दिसते आणि इतर कुणाला दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. मग घरात म्हणतात, "तुला भास होतो." भास नसतो. प्रकाश गाठीवर पडून त्याच कोनातून परत आला तरच चमक दिसते आणि तो कोन आईच्या मांडीवरचा असतो.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. पांढरं दिसलं की "डोळ्यात फूल पडलंय" म्हणतात. फूल डोळ्याच्या पुढच्या काचेवर असतं आणि उजेडात सरळ समोरून दिसतं. ही चमक आतून, खोल विहिरीच्या तळातून आल्यासारखी दिसते. अर्थात फूल वाटलं तरी दाखवायचंच. लहान मुलाच्या डोळ्यातलं कुठलंही पांढरेपण घरी बसून बघत राहण्यासारखं नसतं. मोतीबिंदू असला तरी लवकर ऑपरेशन केलं नाही तर ती नजर कायमची मंद राहते.

दुसरी खूण तिरळेपणा. त्याखेरीज डोळा लाल होणं, सुजणं, एक डोळा मोठा वाटणं, पण हे बहुधा उशिरा येतं.

फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा आला. कॅन्सरच ना?

तसंच काही नाही. फ्लॅशचा प्रकाश पडद्यावरून परत येतो तेव्हा डोळा लाल दिसतो. मूल जरा बाजूला बघत असेल तर तोच प्रकाश डोळ्याचा मज्जातंतू जिथून निघतो त्या पांढऱ्या चकतीवर पडतो आणि निरोगी डोळाही पांढरा येतो. पण तोच डोळा दोन-तीन फोटोंत पुन्हा पांढरा आला तर थांबू नका. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. त्यांनी नंतर घरातले जुने फोटो चाळले तेव्हा निदानाच्या कितीतरी आधीपासून ती चमक फोटोंत येत होती. त्यातून त्यांनी फोटोंमधली पांढरी बाहुली शोधणारं एक मोबाइल अॅप तयार केलं. अॅप हे तपासणीची जागा घेत नाही. पण बारशाचे फोटो पुन्हा एकदा नीट बघायला काहीच खर्च येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: मोबाइलमध्ये डोळ्यांचा लालपणा घालवण्याची जी सोय असते, ती चालू असेल तर फोटो खोटं बोलू शकतो.

थोडं चकणं मूल नशीबवान असतं म्हणतात.

असं म्हणणारी माझी एक चुलत आजीही होती. बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत डोळे अधूनमधून तिरपे जाणं चालतं. त्यानंतरही एक डोळा कायम तिरपा असेल तर एक कारण असं असू शकतं की पडद्याच्या मधोमध काहीतरी आड आलं आहे आणि त्या डोळ्याला समोरचं दिसतच नाही, म्हणून तो भरकटतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाबाबत कुटुंबाने वेळेवर दाखवलं होतं, आणि तपासणाऱ्याने पडदा न बघताच "मोठा झाला की सरळ होईल" म्हणून परत पाठवलं होतं. आठ महिने गेले. तेव्हापासून मी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला सांगते: "डॉक्टर, औषध घालून पडदा बघितलात का?" विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली. म्हणून झालं का?

नाही. मोबाइलमुळे नाही, काजळामुळे नाही, दृष्ट लागल्याने नाही, आईने काय खाल्लं याने नाही. हा प्रश्न नेहमी आईच विचारते, आणि बहुतेकदा तो तिच्या मनात दुसऱ्या कुणीतरी घातलेला असतो. त्या दुसऱ्या कुणाला हे उत्तर वाचून दाखवा.

आमचं लग्न नात्यातलं. मामाच्या मुलीशी केलं. त्याचा संबंध आहे का?

आपल्या भागात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतून असली लग्नं होतात, त्यामुळे हा प्रश्न फार येतो. थॅलेसेमियासारख्या आजारांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, आणि नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. रेटिनोब्लास्टोमाचं गणित वेगळं आहे. इथे एकाच पालकाकडून आलेली एक बिघडलेली प्रत पुरते. शिवाय बहुसंख्य मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. तेव्हा या आजारासाठी तरी मामाची मुलगी निर्दोष आहे.

एक प्रत, दोन प्रती... हे काय प्रकरण आहे?

इथे मला जरा सैल सोडा. मी या विषयात आले ते याच गोष्टीमुळे.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मागावर आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग आपोआप थांबावा म्हणून एक काटा असतो. काटा चालू असेल तर माग थांबतो. तो बिघडला तर माग धाग्याविना तसाच धडधडत राहतो आणि कापड वाया जातं. आता समजा, प्रत्येक मागाला असे दोन काटे आहेत आणि माग थांबवायला एकही पुरतो.

आपल्या प्रत्येक पेशीत पेशीविभाजन थांबवणाऱ्या एका जनुकाच्या अशाच दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. १९७१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ मुलांच्या नोंदी घेतल्या. कुठला प्रयोग नाही, उंदीर नाही, सूक्ष्मदर्शक नाही. फक्त कोणत्या वयात निदान झालं, आणि एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत. त्यांनी आलेख काढला: अमुक वयापर्यंत किती मुलांचं निदान व्हायचं राहिलं आहे. लॉग कागदावर (ज्यावर दर पायरीला आकडा ठराविक पटीने बदलतो) दोन्ही डोळ्यांच्या मुलांची रेघ सरळ खाली उतरली. एका डोळ्याच्या मुलांची रेघ आधी रेंगाळली आणि मग वाकली.

सरळ रेघेचा अर्थ, एकच अपघात व्हायचा बाकी होता. वाकड्या रेघेचा अर्थ, एकाच पेशीत दोन अपघात लागोपाठ व्हावे लागले. म्हणजे पहिल्या गटातली मुलं एक काटा जन्मतःच तुटलेला घेऊन आली होती. कारखान्यातल्या प्रत्येक मागाचा एक काटा मोडका असेल आणि माग लाखांनी असतील, तर कुठल्या ना कुठल्या मागाचा दुसरा काटा मोडणारच. तोही लवकर, आणि एकाहून अधिक जागी. म्हणून दोन्ही डोळे, म्हणून अनेक गाठी, म्हणून लहान वय. दुसऱ्या गटात काटे सगळे धड होते. दोन्ही एकाच मागावर मोडायला वेळ लागतो आणि असं एकदाच घडतं, म्हणून एक डोळा, एक गाठ, थोडं मोठं वय.

ते जनुक तोवर कुणी पाहिलंही नव्हतं. १९८३ मध्ये वेबस्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी गाठींमध्ये दुसरी प्रत खरोखरच गेलेली असते हे दाखवलं. १९८६ मध्ये बोस्टनला डोळ्यांचे डॉक्टर थॅडियस ड्रायजा, स्टीफन फ्रेंड आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरून ते जनुक बाहेर काढलं. गाठ रोखणारं म्हणून हाती लागलेलं हे पहिलं जनुक. नाव आरबी-१. नडसन यांचा तर्क बरोबर ठरायला पंधरा वर्षं लागली, आणि तो ठरला ४८ मुलांच्या वयांवरून. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुकादम हजेरीच्या वहीवरून ओळखतो तसं." हो, अगदी तसंच.

मोठ्या माणसांच्या कॅन्सरशी याचा काही संबंध?

भरपूर, आणि त्यातला एक धागा आपल्या बार्शीपर्यंत येतो.

आरबी-१ जनुकावरून बनणारं आरबी प्रथिन पेशीला "आता दुणावू नकोस" असं सांगत दाराशी उभं असतं. पेशी दुणावायला निघते तेव्हा सीडीके-४ आणि सीडीके-६ ही प्रथिनं आरबीला बाजूला सारतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये आरबी धड असतं, पण ही दोघं त्याला सतत ढकलत राहतात. त्यांना अडवणारं पाल्बोसिक्लिब हे औषध अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं आणि आज आपल्याकडेही बायकांना दिलं जातं. ज्या गाठीत आरबीच उरलेलं नाही तिथे हे औषध चालत नाही: दारात रखवालदारच नसेल तर त्याला ढकलणाऱ्याला अडवून काय उपयोग? म्हणजे बाळाच्या डोळ्यासाठी हे औषध नाही, पण बाळाच्या डोळ्यामुळे सापडलेलं आहे.

आता बार्शी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हा विषाणू ई-७ नावाचं प्रथिन तयार करतो आणि ते जाऊन नेमकं आरबीला धरतं व निकामी करतं. बाळात जे काम जनुकाच्या बिघाडाने होतं, ते इथे विषाणू करतो. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. एचपीव्हीची एकच तपासणी केल्याने या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे आलं. भारतातली ग्रामीण भागाची पहिली कॅन्सर नोंदणीही बार्शीचीच, १९८७ची: बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली. परदेशी परिषदेत मी "बार्शीजवळची" असं सांगते तेव्हा रोगप्रसाराचे अभ्यासक माना डोलावतात. सोलापूर म्हटल्यावर तसं होत नाही, चादरी माहीत असल्या तरी.

गाठ किती वेगाने वाढते?

माझं रोजचं काम हेच, म्हणून इथेही जरा थांबते.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. असं तीस वेळा झालं की साधारण शंभर कोटी पेशी होतात आणि त्यांची गाठ सेंटीमीटरभर, ग्रॅमभर वजनाची असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान असताना तिचा बहुतेक प्रवास उरकलेला असतो. दाण्याएवढ्या गाठीची हरभऱ्याएवढी व्हायला मोजक्याच दुप्पटी लागतात. नवजात बाळाचा डोळा सगळा मिळून सतरा-एक मिलिमीटर लांब. त्यात सेंटीमीटरभर गाठ म्हणजे खोली भरलीच. "गेल्या महिन्यात काही नव्हतं" असं आईवडील म्हणतात ते खरंच असतं.

पण वाढ नुसती दुपटीने होत नाही. पेशीला खायला लागतं. १९७१ मध्येच ज्युडा फोकमन या अमेरिकी शल्यविशारदांनी मांडलं की नवीन रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. त्यांच्या गटाने ते दाखवलं सशाच्या डोळ्यात. गाठीचा तुकडा डोळ्याच्या पुढच्या पाण्यात तरंगत ठेवला तर जिवंत राहिला, पण टाचणीच्या डोक्याएवढाच. तोच तुकडा रक्तवाहिन्या असलेल्या बुबुळाच्या पडद्यावर ठेवला तर भराभर वाढला. मधुमेहाने पडदा खराब झालेल्या आपल्या आजी-आजोबांना डोळ्यात जी महागडी इंजेक्शनं देतात, ती रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधं याच विचाराच्या वाटेने आली आहेत.

रेटिनोब्लास्टोमाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे उघड दिसतं. मधोमध रक्तवाहिनी, तिच्याभोवती जिवंत पेशींची बाही, आणि त्यापलीकडे, केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर, मेलेल्या पेशींचा चोथा. त्या मेलेल्या भागात चुना साठतो. सोनोग्राफीत हा चुना चमकतो आणि निदानाला मदत होते. मरणाऱ्या गाठीची खूण जिवंत मुलाच्या कामी येते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या कापाकडे बघत बसले होते.

गाठीचे कण सुटून डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या पाण्यात तरंगू लागले तर वेगळीच पंचाईत. तिथे रक्तवाहिनीच नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध त्यांच्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून अशा वेळी मेल्फॅलन हे औषध बारीक सुईने थेट डोळ्यात देतात. नको तिथे सुई गेली तर पेशी बाहेर सांडू शकतात, म्हणून हे अनुभवी हातांचंच काम.

तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?

पेशींना खाऊ घालते, बहुतांशी. जगभर वापरल्या जाणाऱ्या वाय-७९ नावाच्या रेटिनोब्लास्टोमाच्या पेशी १९७४ पासून प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या भांड्याच्या तळाला चिकटत नाहीत, द्राक्षाच्या घोसासारख्या तरंगतात. घोस मोठा झाला की आतल्या पेशी मरतात, त्या कधी आणि कशा, हे मी मोजते.

उंदरांवर का नाही, असंही विचारतात. १९९२ मध्ये आरबीची एक प्रत बिघडवलेले उंदीर तयार झाले. सगळे डोळ्यात गाठ यायची वाट बघत बसले. डोळे ठणठणीत! गाठी आल्या त्या मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत. उंदराच्या पडद्यात आरबी गेलं तर त्याचं भावंड, पी-१०७, काम सांभाळून घेतं. २००४ मध्ये दोन्ही काढून टाकल्यावर गाठ आली. माणसाच्या पडद्याला असा पाठीराखा नाही. म्हणून आता माणसाच्या मूलपेशींपासून भांड्यात बारीकसा पडदा वाढवून त्यात आरबी बंद करून बघतात. हे काम संथ असतं, महिन्यांनी मोजावं लागतं. आईला वाटतं मी विरजण लावते, आणि तिची उपमा फारशी चुकीची नाही.

तुकडा काढून तपासत का नाहीत?

बाकी बहुतेक कॅन्सरमध्ये आधी तुकडा, मग उपचार. इथे उलट. डोळा ही बंद पेटी आहे. सुई घातली तर गाठीच्या पेशी त्या वाटेने बाहेर पडू शकतात आणि डोळ्यापुरता असलेला आजार पसरतो. भूल देऊन पडदा बघणं, सोनोग्राफी, एमआरआय यांवरच निदान होतं. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण ज्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते त्यांना किरणांचा धोका जास्त.

डोळा काढावाच लागतो का?

नेहमी नाही. गाठ लहान असेल तर लेसर किंवा गोठवण्याचा उपचार. मध्यम असेल तर विन्क्रिस्टिन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन अशी औषधं शिरेतून देऊन आधी आकसवतात, मग लेसर. मांडीतल्या धमनीतून केसासारखी नळी सरकवत डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन तिथेच औषध सोडण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये २००६ पासून रुळली. किरणोत्सारी चकती काही दिवस डोळ्याला टाचून ठेवण्याचाही उपचार आहे.

पण डोळा गाठीने भरलेला असेल, त्यात नजर उरलेली नसेल, तर डोळा काढणं हाच मुलाला वाचवायचा सरळ रस्ता असतो. गाठ डोळ्याच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते किंवा मागच्या रक्ताळ थरातून शरीरात. एकदा बाहेर पडली की लढाई फार अवघड होते. श्रीमंत देशांत यातली ९५ टक्क्यांहून जास्त मुलं जगतात. आपल्याकडे मुलं जातात ती बहुधा उशिरा आल्यामुळे, आणि उशीर पुष्कळदा "डोळा काढणार" हे ऐकून घरी परत गेल्याने होतो. मुलीचा असेल तर "लग्न कसं व्हायचं?" हा प्रश्न दोन वर्षांच्या पोरीबद्दल विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. मला त्यावर राग येतो आणि तो मी लपवत नाही.

सोलापुरातून कुठे जायचं? खर्च?

पहिली तपासणी इथेच होते: शहरात शासकीय रुग्णालयात किंवा पडदा बघणाऱ्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे. शंका पक्की झाली तर मोठं केंद्र हवं. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी पोचता येतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान तर मुंबईपेक्षा जवळ, आणि पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू बोलणाऱ्या मंडळींना तिकडे भाषेचीही अडचण नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, आधी त्याला गाठा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते, रुग्णालयाकडून तो फॉर्म आठवणीने घ्या. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला एका पिशवीत ठेवा. एका कागदापायी परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत.

दुसरं मूल होऊ द्यावं का?

होऊ द्यावं की नाही हे तुम्ही ठरवा. माहिती ही. सुमारे ४० टक्के मुलांत बिघाड जन्मापासून सगळ्या पेशींत असतो. अशा मुलाच्या पुढच्या पिढीत तो जाण्याची शक्यता निम्मी. पहिल्या मुलाच्या रक्तातून नेमका बिघाड सापडला की भावंडांची तपासणी सोपी होते: ज्या भावंडात तो नाही, त्याला दर काही आठवड्यांनी भूल देऊन तपासायची गरज उरत नाही. ज्याच्यात आहे, त्याची तपासणी जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यातच सुरू करायची. बरी झालेली अशी मुलं मोठी झाल्यावर हाडांचे आणि इतर काही कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांच्या दुखण्याखुपण्याकडे दुर्लक्ष नको.

डोळ्यात थेंब, मध, झाडपाला?

नको.

बसवलेला काचेचा डोळा रडतो का?

हा प्रश्न मला एका शाळेत चौथीतल्या मुलाने विचारला. बाई त्याला "गप्प बस" म्हणाल्या, पण त्या दिवशीचा सगळ्यांत चांगला प्रश्न तोच होता. आधी एक दुरुस्ती: हल्ली तो काचेचा नसतो, अॅक्रिलिकचा असतो. ऑपरेशनच्या वेळी खोबणीत एक गोळा बसवतात, डोळा हलवणारे स्नायू त्याच्याशी जुळवतात, आणि साधारण दीड महिन्याने वरून तो कवचासारखा डोळा बसवतात. दुसऱ्या डोळ्याकडे बघून त्यावर हाताने रंग भरतात, बारीक लाल शिरासुद्धा. मूल वाढेल तसा तो बदलावा लागतो. आणि पाणी? आसवांची ग्रंथी डोळ्याच्या आत नसते. ती वर, पापणीमागे कोपऱ्यात असते आणि ऑपरेशनमध्ये तिला हात लावत नाहीत. त्यामुळे ते मूल रडलं की दोन्हीकडून पाणी येतं. पोरगा म्हणाला, "मग कांदा चिरला तर?" तरी येतं.